बांधाची आतली बाजू

रविवार, २ जून १९६३

आप्पांनी जमीन घेतली. आणि मला दाखवायच्या आधीच! खरेदी गेल्या आठवड्यात झाली म्हणे. आज मला आणि त्रिपुराआत्याला अंबत्तूरच्या गाडीत घालून ‘सहलीला’ नेलं, आणि स्टेशनपासून तांबड्या धुळीतून कोसभर चालवलं. आत्या वाटभर पुटपुटत होती. भाऊ साठी उलटून वेडा झाला, असा एकंदर सूर.

मग एक लांबच लांब मातीचा बांध लागला. वर ताडांची रांग. आप्पा धापा टाकत चढले, पण मध्ये थांबले नाहीत. वर उभं राहून त्यांनी पलीकडे हात केला.

“कनके, पाह्य. पडुगै! मद्रासच्या उशाला पडुगै मिळते म्हणून कोणी सांगितला असता तर मी हसलो असतो.”

पडुगै म्हणजे आमच्या तंजावराकडे नदी आणि पूरबांध यांच्यामधली जमीन. कावेरीनं वर्षानुवर्षं आणून टाकलेला गाळ. केळी, पानवेल, वांगी, काय लावाल ते येतं. ज्याच्याकडे पडुगैचा तुकडा त्याला सोयरीक करायला लोक आपणहून येत. आजोबांकडे नव्हता. आप्पांकडेही नव्हता. आता आहे.

बांधाच्या ज्या बाजूनं आम्ही आलो तिकडची शेतं भेगाळलेली, बरीचशी पडीक. पलीकडची आप्पांची जमीन मात्र काळी, मऊ, पायाला गार लागणारी. एक उथळ विहीरही आहे, पाणी अगदी वर. मी नदी कुठे म्हणून विचारलं. असेल पुढे ओढाबिढा, उन्हाळ्यात आटत असेल, म्हणाले.

तंजावरची जमीन विकून जे आलं ते सगळं इथे गेलं. त्यांचा चेहरा पाहून बोलवेना.

मंगळवार, ११ जून

पुण्याचं पत्र! ट्रेनिंग कॉलेजात भूगोल शिकवायला मला घेतलं. जानेवारीपासून. होकार नोव्हेंबरअखेरपर्यंत कळवला तरी चालेल म्हणतात. पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाचच डबे पुसत बसले.

मला जायचंय. दुसरीकडे कुठे बोलता येत नाही म्हणून इथे लिहिते — मला जायचंय! एकतिशी झाली. लग्नाचं नाव आत्यानंही टाकलं. या शाळेत भूगोलाच्या तासाला मुलींना शिवणकाम देतात आणि मी नकाशे गुंडाळून परत कपाटात ठेवते. तिकडची माणसं आमची तंजावरी मराठी ऐकून हसतील, म्हणून तर ही रोजनिशी पुस्तकी मराठीत लिहायचा सराव वर्षभर चालवलाय.

पण आप्पा. कुळकायदा झाला, कुळं आपापली शेतं पिकवायला लागली, आणि आप्पांना छत्री घेऊन बांधावर उभं राहायलाही कारण उरलं नाही. “बरोबरच झालं की,” म्हणायचे, आणि जेवायचे नाहीत. शेवटी विकून आमच्याकडे आले. पुरसवाक्कमच्या या दोन खोल्यांत वर्ष काढलं त्यांनी. नुसत्या गच्चीवर येरझारा. एकदा सकाळी गेले ते दिवसभर पत्ता नाही. कोत्तवाल चावडीच्या भाजीबाजारात केळीच्या गाड्या उतरताना बघत बसलेले सापडले. अशा माणसाला आत्याच्या गळ्यात टाकून मी कशी जाऊ?

शेत लागलं, आप्पा तिथे रमले, तर जाईन. नाहीतर नाही. ठरलं. हे त्यांना सांगितलेलं नाही. त्यांना पत्र दाखवलं तर लगेच “जा” म्हणाले. ते म्हणणारच.

रविवार, २३ जून

आप्पा आता तिकडेच राहतात. गजेंद्र नायकर म्हणून एक आहेत, बांधाखाली शेती करतात. त्यांच्या पडवीतली खोली मिळाली. गावात नायकरांचा शब्द चालतो असं दिसतं. भाड्याच्या बैलांनी पहिली नांगरट करून झाली. आप्पा छत्री घेऊन कडेला उभे. पन्नास वर्षं अशीच शेती केली त्यांनी. आमच्यात नांगराला हात लावत नाहीत, आणि लावायला सांगणारंही कुणी नव्हतं.

पण रंग उजळलाय! दहीभात दोनदा मागून घेतला. माझ्यासमोर एका ढेकळाचा वास घेतला त्यांनी, लहान मूल आंब्याचा घेतं तसा.

नायकर फार बोलत नाहीत. निघताना एवढंच म्हणाले की, पाऊस कमी झाला तर रायरांच्या शेतात सोनं आहे. आम्हां लोकांना इकडे ‘रायर’ म्हणतात. पाऊस कमी झाला तर? मला वाटलं तामिळ ऐकण्यात माझीच काही चूक झाली. अख्खा जन्म तामिळ बोलण्यात गेला, चूक कशी होईल?

रविवार, ७ जुलै

शेताच्या कडेला एक शिंपला सापडला. तळहाताएवढा, आतून चकचकीत. असे शिंपले साठलेल्या पाण्यात होतात, पुष्कळ दिवस साठलेल्या. शेतात नाही.

आप्पांना दाखवणार होते. का कोण जाणे, पदरात बांधून आणला.

सोमवार, ८ जुलै

एकच तर होता. सगळं शेत फिरून पाहिलं होतं मी, दुसरा नाही. तळं असतं तर ढीग नसते का? कावळ्यानं आणून टाकला असेल. आणि पडुगैतही असू शकतात शिंपले, पुराबरोबर येतात.

शिंपला पावडरच्या डब्यात ठेवलाय. रोज डबा उघडते, रोज दिसतो.

रविवार, २१ जुलै

कळलं. कळायला नको होतं.

आप्पा विहिरीवर होते, मी एकटीच बांधावरून चालत गेले. बांध सरळ नाही. धनुष्यासारखा वळलाय आणि दोन्ही टोकं वरच्या माळाला भिडलीत. नदीचा बांध असा कशाला वळेल? मध्यावर दगडी मोरी आहे, पाणी सोडायची. तिचं तोंड आमच्या बाजूला. पाणी बाहेर पडतं ते त्या बाजूला, भेगाळलेल्या शेतांकडे. म्हणजे पाणी साठतं ते आमच्याकडे!

मोरीपाशी नायकरांची बायको गोदा गवत कापत होती. तिला विचारलं. ती सहज म्हणाली, “ही एरी आहे, टीचरम्मा. तुमच्या अप्पांनी एरीच्या पोटात पेरायला घेतलंय.”

एरी. तळं. पावसाचं पाणी अडवून वर्षभर खालची शेतं भिजवायचं तळं. मी पाचवीच्या मुलींना शिकवते हे! फळ्यावर आकृती काढून! नदीच्या देशातली माणसं आम्ही. बांध म्हटला की पलीकडे नदी, एवढंच डोळ्यांना ठाऊक. आप्पांनी पाहिली पडुगै, आणि मी त्यांच्या डोळ्यांनी पाहिली.

कुणी फसवलं असंही नाही. तळ्याच्या पोटातली काही जमीन पूर्वीपासून लोकांच्या नावावर आहे, पाणी ओसरलं की पिकवायची. सगळ्या गावाला माहीत. आप्पांनी विचारलं नाही, विकणाऱ्यानं सांगितलं नाही. स्वस्त कशी मिळते हे तरी विचारायचं!

मग तळं भरत का नाही, विचारलं. गोदानं माळाकडे बोट दाखवलं. वरच्या गावच्या एरीतून ओसंडलेलं पाणी एका चारीनं इथे येतं, आणि इथलं ओसंडलं की पुढच्या गावाला जातं. ती चारी दरवर्षी पावसाआधी गाव मिळून साफ करायचं. दोन वर्षं कुणी केली नाही. तरणी पोरं कारखान्यांच्या बांधकामावर रोजानं जातात, चारी खणायला कुणाला वेळ! गाळ साचला, काटेरी झुडपं माजली, पाणी दुसरीकडे वळलं. म्हणून खालची शेतं करपली. आणि म्हणून तळ्याचं पोट उघडं पडून आप्पांचं शेत झालं.

मी तिला विनवलं, आप्पांना यातलं काही सांगू नका. गोदा माझ्याकडे बघून हसली. “बरं,” म्हणाली, “आम्ही कुणाचं कुणाला सांगत नाही.”

सोमवार, २२ जुलै

सांगू? सांगितलं तर पुन्हा गच्ची, पुन्हा येरझारा. या वेळी विकायला जमीनसुद्धा नाही. नाही सांगितलं तर — चारी बुजलेली आहे. बुजलेलीच राहिली तर पीक हाती येईल. जानेवारीत कापणी, जानेवारीत मी पुण्याला.

इतका सरळ हिशेब, आणि जेवण जात नाही.

रविवार, ४ ऑगस्ट

भात पेरलं. आप्पांनी पहिली मूठ मला टाकायला लावली. मी मूठ मिटूनच उभी राहिले. “उन्हात डोकं दुखतं का गे?” म्हणाले.

बुधवार, १४ ऑगस्ट

आत्या विचारते, तू हल्ली दर दोन मिनिटांनी खिडकीशी काय जातेस. ढग बघायला जाते. बाकी मद्रास नळाला पाणी नाही म्हणून रडतंय, रस्त्यावर घागरींच्या रांगा, आणि मी देवापुढे उभी राहून मागते काय, तर पाऊस बेताचाच पडू दे!

रविवार, २५ ऑगस्ट

हिरवंगार! बांधावरून बघितलं तर आमचंच शेत हिरवं, खालची सगळी पिवळी. लाज वाटली. आनंदही झाला. दोन्ही एकदम कसं होतं कळत नाही.

खालच्या एका शेतात गोदा विहिरीतून घागरीनं पाणी आणून रोपांवर शिंपडत होती. वाफ्यावर नव्हे, रोपांवर. एकेका रोपाला. मी बघते आहे हे तिनं पाहिलं आणि नुसती मान हलवली.

आप्पा मात्र माझी पाठ वळली की त्याच पिवळ्या शेतांकडे बघत उभे राहतात. मी पाहिलं. विचारलं तर म्हणाले, कुठे काय.

मंगळवार, ३ सप्टेंबर

पुण्याहून दुसरं पत्र. राहायची सोय करू का, विचारतात. उत्तर दिलं नाही.

गाडीतून परवा पाहिलं, विल्लिवाक्कमच्या पुढे शेतांत चुन्याच्या रेघा मारल्यात. चौकोन चौकोन. घरं होणार म्हणे. चौकोनाच्या आत अजून भाताचे खुंट दिसत होते. एका चौकोनात म्हैस बसली होती, तिला कुणी सांगितलं नसावं. दहा वर्षांनी तिथे राहणाऱ्याला वाटेल ही जागा अशीच होती, घरांचीच. जसं आप्पांना वाटलं आपलं शेत आहे. जमीन काय, जो बघतो त्याच्यासारखी दिसते.

शनिवार, २१ सप्टेंबर

नवरात्र. आप्पा बाहुल्यांच्या आराशीसाठी दोन दिवस आले. हळद-साखर टाकून दूध पितापिता सहज बोलावं तसं म्हणाले, “पुढच्या रविवारी मज चारी खणायला जायाचं आहे.”

माझ्या हातून पळी पडली.

नायकरांनी गावात दवंडी दिली. आता मात्र करायचंच. कुडिमरामत्तु म्हणतात त्याला, गावानं आपल्या तळ्याची डागडुजी आपणच करायची. तळ्याकाठी ज्याची जमीन त्या प्रत्येक घरातून एक माणूस. मजुरी नाही. पैसे देऊन बदली माणूस पाठवलेलाही चालत नाही. आप्पांनी विचारून पाहिलं होतं. नायकर म्हणाले, घरचाच माणूस लागतो. ते तळं म्हणजे आपलंच शेत, हे आप्पांना अजून उमगलेलं दिसत नव्हतं.

आत्यानं कपाळावर हात मारला. आपल्या घराण्यात कुणी कुदळ धरली नाही, पूर्वज वर बसून काय म्हणतील. आप्पांनी दूध संपवलं. “तंजावरांत दर वर्षी कालवा साफ होताना मी छत्री धरून उभा राहत होतो. कोणी मज ये म्हणून बोलावला नाही. इथं बोलावलेत.”

काय बोलणार यावर? की तुम्ही खणणार आहात ती चारी तुमच्याच भातावर पाणी आणेल? तीन वेळा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा विचारलं, आणखी साखर घालू का.

शनिवार, २८ सप्टेंबर

उद्या जाते आणि त्यांना घेऊनच येते. आत्याच्या छातीत दुखतंय म्हणून सांगायचं. आत्याला पढवलंय. ती म्हणाली, तुझ्या बापाला चिखलापासून वाचवायला मी मरायलासुद्धा तयार आहे, दुखण्याचं काय.

रविवार, २९ सप्टेंबर

हात फोडांनी भरलेत, पेन नीट धरता येत नाही. तरी लिहिते.

पोचले तेव्हा काम सुरू होऊन गेलं होतं. सगळं गाव चारीत. कारखान्याच्या कामावर जाणारी पोरंही आज आली होती, खाकी चड्डीत. आप्पा मला आधी ओळखूच आले नाहीत. धोतराचा काचा मारलेला, जानवं पाठीवर टाकलेलं, गुडघ्यापर्यंत गाळ, आणि हातात फावडं. फावडं धरायचं कसं हेही त्यांना धड येत नव्हतं. शेजारच्या पोरानं त्यांची मूठ सरकवून दाखवली, आप्पांनी तशी धरली.

मी काठावरून हाक मारली आणि आत्याचं सांगितलं. चेहरा अगदी पडेल करून. आप्पा थांबले. वर माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“तिला लिंबूपाणी दे जा. मी संध्याकाळी येतो.”

“आप्पा, आत्ता चला.”

“खालची शेतं पाहिलीस का गे? दोन वर्षांचा उपास आहे त्यांचा.” आणि पुन्हा वाकले.

मी तिथेच उभी. बाभळीला त्यांची छत्री टांगलेली होती. ऊन लागलं म्हणून ती घेतली, उघडली, आणि मग लक्षात आलं आपण कशा दिसतोय. चारीत बाप खणतोय आणि लेक छत्री धरून बांधावर! छत्री मिटली. गोदानं एक रिकामं घमेलं माझ्या पायाशी ठेवलं.

घेतलं. का घेतलं? राग आला होता म्हणून. आप्पांवर, गोदावर, सगळ्या गावावर. बायका रांगेनं गाळ वाहत होत्या, मीही त्यात शिरले. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं नुसतं ऐकलं होतं. मी तो घमेल्यात भरभरून, डोक्यावर वाहून नेऊन पाडला. गाळात शिंपल्यांचा चुरा होता. मी आप्पांच्या आणि त्या चुऱ्याच्या मध्ये मध्ये उभी राहत होते. त्यांचं लक्षच नव्हतं.

दुपारी सगळ्यांबरोबर नाचणीची आंबील प्यायलो. आप्पासुद्धा! बाहेरचं पाणीही न पिणारा माणूस. त्यांच्या तळहाताची कातडी निघाली होती. नायकरांनी एरंडाचं पान बांधून दिलं. आप्पा ते पान उलटसुलट करून सगळ्यांना दाखवत होते, जसं काही बक्षीस मिळालंय.

संध्याकाळी चारी मोकळी झाली. वरच्या एरीपर्यंत सरळ, काळीभोर. सुंदर दिसत होती. लिहायला नको, पण दिसत होती.

बुधवार, १६ ऑक्टोबर

दिवाळी. अभ्यंगाच्या वेळी आप्पांच्या हातांना तेल लावलं. घट्टे पडलेत. अजून आभाळ कोरडं आहे. भात पोटरीला आलंय म्हणाले. अजून दोन आठवडे पाऊस थांबला तर? तीन थांबला तर? शेजारच्या पोरी फटाके उडवतात आणि मला गडगडल्यासारखं वाटतं.

रविवार, २७ ऑक्टोबर

सुरू झाला. जायला गाडीच नव्हती.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

थांबत नाही. शाळेला सुट्टी. मी घरातल्या घरात इतकी फिरले की आत्या म्हणाली, आप्पांची गच्ची आता तू घेतलीस वाटतं.

रविवार, १० नोव्हेंबर

गेलं.

तळं भरलंय. बांधाच्या आत इकडून तिकडे पाणीच पाणी, वर बगळे. आप्पांच्या शेताच्या जागी लोंब्यांची टोकं तेवढी थोडी वर, हलत होती. विहीर कुठे होती तेही कळत नाही. जणू तिथे कधी काही नव्हतंच.

दुसऱ्या बाजूला मोरी उघडली होती. पाणी पाटानं धावत होतं, आणि खालच्या शेतांत गावचं गाव चिखलात उतरलेलं. गोदा गात होती.

आप्पा मोरीवर बसले होते. मी शेजारी बसले. मला वाटलं आता विचारतील, हे काय झालं. मी उत्तरं जुळवत होते. काही विचारलं नाही त्यांनी. पाटाकडे बोट करून म्हणाले, “एका बाजूनं शांत दिसतो, दुसऱ्या बाजूनं किती ओढ आहे पाह्य पाण्याला.”

मला रडू आलं. ते माझ्याकडे न बघता पाण्याकडेच बघत राहिले. त्यांचा धक्का अजून उतरला नसावा.

रविवार, १७ नोव्हेंबर

आप्पांना घरी आणलं. बोचकं आणि छत्री, एवढंच सामान.

निघताना नायकर आले होते. बांधाखाली त्यांच्या भावाचं शेत आहे, भावाची मुलं कारखान्यात लागली, कसायला कुणी नाही. रायरांनी वाट्यानं करावं म्हणाले. पिकेल त्यात निम्मं भावाचं. बिचारे, दया आली असणार. ज्यांनी जन्मभर वाटा घेतला त्यांना दुसऱ्याचं कूळ व्हायला सांगायचं! आप्पा माझ्यासमोर काहीच बोलले नाहीत. गाडीत डोळे मिटून होते.

पुण्याला नकाराचं पत्र लिहिलं. चांगलं लिहिलं गेलं, शुद्ध मराठीत, एकही चूक नाही. लिहिताना काही वाटलं नाही, घडी घालताना वाटलं. फार वाटलं. आत्याच्या समोर नको म्हणून न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं.

पत्र उद्या टाकीन.

सोमवार, १८ नोव्हेंबर

टाकलं नाही. उद्या.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आप्पांची धोतरं धुवायला म्हणून बोचकं सोडलं. तळाशी एक कापडी पिशवी होती, तांदळाची असावी इतकी जड. आत शिंपले. लहान, मोठे, नांगरानं फुटलेले. पिशवी भरून!

आप्पा दारात उभे होते. “सोडू नक्को ते. उद्या परत जायाचं आहे. नायकराच्या भावाच्या शेतांत चिखलणी आहे, मी येतो म्हणून सांगितला.”

हे कधीपासून, मी विचारलं. पिशवी हातातच होती.

“पहिल्या नांगरालाच निघाले. दर शनिवारी वेचून ठेवत होतो. रविवारी तू येतेस म्हणून.” मग पिशवीकडे बघत, “तू पुण्याच्या गाडीत बसेपर्यंत लपलं असतं तर पुरे होतं.”

म्हणजे चारी खणताना माहीत होतं. सगळं माहीत होतं.

मी पावडरच्या डब्यातला माझा शिंपला आणून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो घट्टे पडलेल्या तळव्यावर उलटा करून पाहिला.

“हा कुठं चुकला माझ्याकडून?” म्हणाले.

पत्र चुलीत घातलं. पुण्याला होकाराची तार केली.